डेडलाइन नावाची रेषा

नमस्कार श्रोतेहो! परीक्षेचा फॉर्म, विजेचं बिल, कचेरीतला अहवाल... डेडलाइन कुणाला चुकलीय? डेड आणि लाइन, दोन साधे शब्द जोडून झालेला हा शब्द. त्याचा हा अर्थ रूढ झाला त्याच्या आधी वेळेशी त्याचा काही संबंध नव्हता. ती जमिनीवरची खरीखुरी रेषा होती. पुन्हा सांगतो, खरीखुरी रेषा, आणि ओलांडणाऱ्याचा जीव जायचा.

साल 1864. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिलला दक्षिणेच्या फौजेनं उत्तरेच्या सैनिकांसाठी बंदिवास उभारला. जागा 10 हजारांची, आणि ऑगस्टपर्यंत आत 30 हजारांहून जास्त माणसं! भोवती पाइनच्या ओंडक्यांची उंच भिंत. भिंतीच्या आत साधारण 19 फुटांवर, खुंटांवर ठोकलेल्या फळ्यांचं बुटकं कुंपण. तीच डेडलाइन. पाऊल पलीकडे पडलं की वरच्या चौकीतून गोळी.

आवारातून एकच ओढा वाहायचा. वरच्या अंगाला पहारेकऱ्यांच्या छावण्या आणि भटारखाना. तिथली सगळी घाण त्याच पाण्यात. त्यातल्या त्यात बरं पाणी मिळायचं ते ओढा आत शिरतो तिथे, कुंपणालगत. तहानेनं कासावीस झालेला कैदी भांडं धरून फळीखालून हात लांबवायचा. हात रेषेपलीकडे गेला, की गोळी. घोटभर पाण्यासाठी, श्रोतेहो, घोटभर पाण्यासाठी!

तिथे सुमारे 13 हजार कैदी मेले, बहुतेक रोगराईनं आणि उपासमारीनं. डोरेन्स ॲटवॉटर या तरुण कैद्यानं मृतांच्या यादीची चोरून नक्कल करून ठेवली, म्हणून पुढे बहुतेक थडग्यांवर नावं लागली. नोंद ठेवणाऱ्या कारकुनाचा मान सेनापतीइतकाच मोठा, असं माझं ठाम मत आहे. आपल्या ग्रामपंचायतींतल्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका, हे कळकळीनं सांगतो.

तर, बंदिवासाचा अधिकारी हेन्री विर्झ याच्यावर खटला चालला. आरोपांत ही डेडलाइनही होती. 10 नोव्हेंबर 1865 रोजी त्याला फाशी झाली.

पुढे छापखान्यातही हा शब्द दिसतो: यंत्रावरची अशी रेषा, की तिच्यापलीकडचा मजकूर उमटत नाही. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन वृत्तपत्रांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला डेडलाइन म्हणू लागले. तिथून तो शब्द कचेऱ्यांत आला, बँकांत आला, शाळांत आला.