चोथ्यात राहिलेले तेल

(दृश्य: ठाणे-बेलापूर रस्त्यावरची सकाळची वर्दळ. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एक लहान प्रयोगशाळा.)

तुर्भ्याच्या या प्रयोगशाळेत आज सकाळी तीन पिशव्या आणि घट्ट बुचाची एक बाटली येऊन पोहोचली आहे. एका पिशवीत काथ्यासारखा तपकिरी, ओलसर चोथा आहे, दुसरीत फळे झडून गेलेल्या घडाचे तुकडे आहेत, तिसरीत टणक कवचाच्या बिया आहेत आणि बाटलीत करड्या रंगाचा गाळ आहे. हे सारे तेलंगणातील एका पामतेल गिरणीतून आले आहे. चिमूटभर चोथा बोटांत चोळला की त्वचेवर नारिंगी तकाकी उरते. वाफ, पाणी, वीज आणि मजुरी खर्च करूनही जे तेल गिरणीच्या हाती लागले नाही, ते हेच.

पामतेल आपल्या घरांना परके नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने १०० रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर एक लिटर पामतेल होते. हे तेल आपण मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून आणतो. ते देशातच पिकावे म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले आणि २०२५-२६ पर्यंत लागवड १० लाख हेक्टरवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. लागवडीच्या हेक्टरांची चर्चा पुष्कळ होते. पिकलेल्या फळातले तेल गिरणीत कुठे सांडते, याची मात्र फारशी होत नाही, आणि ती व्हायला हवी.

शंभर किलो घडांमागे गिरणीला साधारण वीस किलो तेल मिळते आणि चांगल्या चालणाऱ्या गिरणीतही दीड किलोच्या आसपास निसटते. तासाला ३० टन घड घेणारी गिरणी दिवसाला वीस तास चालली, तर ६०० टन घड गाळले जातात. त्यावर अर्ध्या टक्क्याची गळती थांबवली, तरी रोजचे तीन टन तेल वाचते, आणि त्यासाठी एकही नवे झाड लावावे लागत नाही.

(दृश्य: बागेत घड कापणारे शेतकरी. खाली पडलेली सुटी फळे वेचणाऱ्या बाया.)

गिरणीचा हिशेब मात्र बागेपासून सुरू होतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? कच्चा घड कापला, तर त्यात तेल पुरते भरलेलेच नसते. आणि पूर्ण पिकल्यामुळे गळून पडलेली, म्हणजेच तेलाने सर्वांत भरलेली फळे वेचली नाहीत, तर उत्तम माल झाडाखालीच कुजतो. शिवाय फळ ठेचले गेले की त्याच्या गरातले लायपेझ नावाचे विकर तेलाचे विघटन करून मुक्त आम्ल वाढवू लागते. म्हणून कापलेला घड चोवीस तासांच्या आत वाफेखाली गेला पाहिजे.

ही वाफ देणारे पात्र म्हणजे स्टरिलायझर. तेथे सुमारे तीन बार दाबाची वाफ विकर निकामी करते आणि फळांचा घडाशी असलेला सांधा सैल करते. वाफ तीन टप्प्यांत चढवून मध्ये दोनदा सोडण्याची पद्धत आहे, कारण घडांमध्ये अडकलेली हवा बाहेर गेल्याशिवाय वाफेची उष्णता आतपर्यंत पोहोचत नाही. वाफ कमी पडली, तर फळे घडाला चिकटून राहतात. जास्त झाली, तर तेल निथळपाण्यात उतरते आणि रिकाम्या घडात मुरते.

(दृश्य: प्रयोगशाळेतील बाक. काचेच्या सॉक्सलेट उपकरणात उकळते हेक्झेन, म्हणजे तेल विरघळवून घेणारे द्रव.)

वाळवून तोललेला चोथा कागदी नळकांड्यात भरला जातो. खालच्या चंबूतले हेक्झेन ६९ अंशांना उकळते, वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने चोथ्यावर पडते आणि पात्र भरले की वक्रनळीतून एकदम खाली ओसरते. तासन्‌तास हे चक्र चालते. शेवटी हेक्झेन उडवून लावले की चंबूच्या तळाशी गडद नारिंगी तेल उरते. या नमुन्यात ते कोरड्या चोथ्याच्या नऊ टक्के भरले, आणि हे प्रमाण जास्त आहे.

दुपारी गिरणीतून तिथल्या मराठी अभियंत्याचा फोन येतो.

“मॅडम, मग प्रेसचा दाब आणखी वाढवायचा का?”

“दाब नको वाढवू. बियांची पिशवी बघितलीस का? आताच खूप बिया फुटल्यात. आधी डायजेस्टर किती भरलेला असतो आणि त्याचे हात किती झिजलेत, ते बघून सांग.”

या उत्तरात पामतेल गाळण्याचे मर्म आहे. आपल्या लाकडी घाण्यातही रगडल्याशिवाय तेल सुटत नाही. डायजेस्टर तेच काम करतो: ९० ते ९५ अंश तापलेल्या उभ्या पात्रात फिरणारे हात फळाचा गर कुस्करतात आणि तेलाच्या पेशी फोडतात. पात्र किमान तीन चतुर्थांश भरलेले नसेल, तर वरचा भार कमी पडतो आणि गर नुसताच ढवळला जातो. अशा अर्धवट कुस्करलेल्या गरावर स्क्रू प्रेसचा, म्हणजे तेल पिळून काढणाऱ्या यंत्राचा, दाब कितीही वाढवला, तरी न फुटलेल्या पेशींतले तेल चोथ्याबरोबरच बाहेर जाते, बिया मात्र फुटतात आणि आतली गिरीही वाया जाते. झिजलेला हात वेळेवर बदलणे हा खर्च नसून मिळकत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिळलेले तेल गरम पाणी घालून निवळत ठेवतात. टाकी थंड पडली, किंवा वेगवान पंपाने तेल घुसळले गेले, तर त्याचे इतके बारीक थेंब होतात की ते वर येण्याऐवजी गाळातच तरंगत राहतात. हा गाळ पुढे सांडपाण्यात जातो. एक टन घडांमागे अर्ध्या घनमीटरहून अधिक सांडपाणी निघते आणि त्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २५,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. उघड्या तळ्यात ते कुजले की मिथेन हवेत जातो. तळ्यावरचा तवंग गोळा करून चांगल्या तेलात मिसळणे हा उपाय नव्हे, कारण त्यातले आम्ल सगळ्या टाकीची प्रत उतरवते.

(दृश्य: पंधरा दिवसांनंतर. तोच बाक.)

गिरणीने डायजेस्टरचे हात बदलले आहेत आणि चोथ्याची नवी पिशवी आली आहे. नळकांडे भरले गेले आहे, चंबू तापला आहे आणि वक्रनळीतून पहिले हेक्झेन नुकतेच खाली ओसरले आहे. मागच्या खेपेला ते पहिल्याच ओसरणीला केशरी दिसले होते. आज त्याचा रंग फिकट पिवळा आहे. चंबू वाळून तराजूवर चढेल तो उद्या सकाळी, आणि नेमका आकडा तेव्हाच गिरणीला कळवला जाईल.