यंत्रावर लिहिलेलं असतं

नमस्कार श्रोतेहो.

समुद्रावर गेलात की वाळूतून फटफट करत फिरणारी एक गाडी दिसते. चार चाकं, गुबगुबीत टायर, वर मोटारसायकलसारखं सीट आणि हँडल. अलिबाग, नागाव, काशिदपासून खाली तारकर्लीपर्यंत कुठेही गेलात तरी ती असतेच. पर्यटक तिला बीच बाईक म्हणतात, कागदोपत्री तिचं नाव एटीव्ही, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी. आमच्या घरी तिला खेकडा म्हणतात, कारण आणली तेव्हा ती सरळ जात नव्हती.

मे महिना संपत आला की किनाऱ्यावरचा धंदा आवरता घेतात. गाड्या ताडपत्रीखाली जातात, आणि ज्या पुढच्या हंगामापर्यंत टिकणार नाहीत त्या विकायला निघतात. त्यातली एक, ११० सीसीची, बंद पडलेली, मी अठरा हजारांना घेतली. माझी दापोली तालुक्यात हापूसची बाग आहे, जांभ्या दगडाच्या उतारावर. शेणखताची पोती वर चढवायला आणि आंब्याचे क्रेट खाली आणायला माणूस मिळत नाही, म्हणून घेतली असं मी सगळ्यांना सांगितलं. टेम्पोतून ती उतरली तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, "हिला बांधणार कुठे?"

पडवीत बांधली. पाऊस सुरू झाला, बागेतली कामं थांबली, आणि मी आणि माझी आठवीतली मुलगी, दोघं त्या खेकड्यापुढे मांडी घालून बसलो.

मी मेकॅनिक नाही. माझ्या वडिलांकडे विहिरीवर डिझेल इंजिन होतं, ते उघडलं की माझं काम एकच, बॅटरी धरणं. कितीतरी उन्हाळे मी बॅटरी धरली आणि उजेड भलतीकडे पडला म्हणून शिव्या खाल्ल्या. तेव्हा इथे पाना तिच्या हातात आणि बॅटरी माझ्या हातात असं ठरवून टाकलं. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "बाबा, उजेड इकडे. तिकडे नाही." म्हणजे दोष माझ्या वडिलांच्या स्वभावात नव्हता, त्या कामातच आहे.

पहिला शत्रू मीठ. इंजिन ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचे. या दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी गेलं की तिथे विजेची बारीकशी बॅटरीच तयार होते, ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती बोल्टला घट्ट धरून बसते. मुलीनं तेल सोडलं आणि म्हणाली, रात्रभर राहू दे. मला कुठला धीर. मी पान्याला पाईप लावून जोर केला आणि सहाच्या बोल्टची मुंडी तुटून हातात आली. ती काही बोलली नाही. तुटलेली मुंडी तिनं एका वाटीत ठेवली, आणि ती वाटी अजून फळीवर आहे.

बाजारातल्या लेथवाल्या चाचांकडे केसिंग, म्हणजे इंजिनाचं कवच, घेऊन गेलो. त्यांनी उरलेल्या तुकड्यावर एक नट ठेवला, आतून वेल्डिंगचा ठिपका दिला, थंड होऊ दिलं आणि पान्यानं तुकडा अलगद फिरवून काढला. आटे शाबूत. पैसे घेताना चाचा माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "बेटा, बोल्ट फिरला तर फिरव. नाय फिरला तर चहा पी."

आता इंजिनाविषयी थोडं, कारण ते इंजिन पाहून मला हरवलेला नातेवाईक भेटल्यासारखं झालं. होंडा कंपनीनं १९५८ साली जपानात सुपर कब नावाची छोटी दुचाकी आणली. तिचं एका सिलिंडरचं इंजिन जवळजवळ आडवं निजलेलं. ती इतकी खपली की २०१७ पर्यंत तिची संख्या १० कोटींवर गेली. त्या इंजिनाच्या नकला चीनमध्ये अजून निघतात आणि जगभरातल्या छोट्या एटीव्हींत तीच बसवलेली असतात. आणि आपल्याकडच्या प्रत्येक गावात दुधाच्या किटल्या वाहणारी जी शंभर सीसीची मोटारसायकल, तिचं इंजिनही त्याच घराण्यातलं. म्हणून आमच्या गावच्या गॅरेजवाल्याला ही गाडी परकी वाटली नाही. पुढची चाकं वळवणारी दांडी, टाय रॉड, वाकली होती, ती त्यानंच सरळ करून दिली. खेकडा सरळ चालू लागला, पण नाव तेच राहिलं.

पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर मुलीनं उघडला. त्याआधी टाकीतलं पेट्रोल लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढलं. (बरणी कोणाची आणि त्यावरून काय झालं ते इथे सांगत नाही.) थोड्या वेळानं बरणीत दोन थर दिसायला लागले. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. टाकीत पाणी जास्त झालं की ही दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात, आणि कार्बोरेटरला पेट्रोल जातं ते तळातूनच. म्हणजे बिचारं इंजिन कित्येक दिवस पाणीच पीत होतं. कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी म्हणजे जेट, तिच्या छिद्रात हिरवट खडा बसला होता. मी तार घालायला निघालो, तर ती म्हणाली, तारेनं छिद्र मोठं होईल. जेटवर आकडा कोरलेला होता आणि तो तिनं आधीच वहीत उतरवून ठेवला होता. छिद्र मोठं झालं की आकडा खोटा ठरणार. मग सायकलच्या पंपाची हवा मारून खडा काढला. हे सगळं पडवीच्या उघड्या कडेला, जवळ चूल नाही, विडी नाही, एवढी शिस्त मात्र माझी.

त्या दिवसापासून तिला नाद लागला तो यंत्रावर काय लिहिलंय ते वाचायचा. प्लगवर अक्षरं, फ्यूजवर अँपिअर, टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण. "बाबा, सगळं लिहिलेलं असतं हो. कोणी वाचतच नाही."

टॅपेटच्या दिवशी तर हे फारच पुढे गेलं. व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली उघडमीट करणारी झडप, आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यात थंड इंजिनात ०.०५ मिलिमीटर फट ठेवायची असते. केसाएवढी म्हणा. फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब निसटतो, गाडी सुरूच होत नाही. ती मोजायला पोलादी पात्यांचा गेज येतो, त्यातलं सगळ्यात पातळ पातं घ्यायचं. पण मोजण्याआधी पिस्टन वर आणावा लागतो. त्यासाठी डाव्या बाजूच्या मॅग्नेटच्या चाकावर इंग्रजी टी हे अक्षर कोरलेलं असतं. चाक घड्याळाच्या उलट फिरवायचं आणि टी समोरच्या खुणेसमोर आणायचा.

आणला. पातं आत जाईना. मी म्हटलं, फट बुजलीये, स्क्रू सैल कर. ती पाना लावणार इतक्यात थांबली आणि बोटानं दोन्ही दांड्या हलवून बघायला लागली. "बाबा, दोन्ही ताठ आहेत. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी कसे बिघडतील?"

मी बॅटरी धरून गप्प. मग आठवलं. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका फेऱ्यात चाक दोनदा फिरतं, तेव्हा टी दोनदा समोर येतो. एकदा पिस्टन वायू दाबून वर आलेला असतो, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आणि दांड्या सैल. दुसऱ्यांदा तो धूर बाहेर लोटून वर आलेला असतो, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे. आम्ही दुसऱ्या टीवर होतो. तिथे स्क्रू सैल केले असते तर सगळंच बिघडलं असतं. तिनं चाक आणखी एकदा पूर्ण फिरवलं. दांड्या बोटाखाली टिकटिक हलायला लागल्या. पातं गेलं, पण किंचित अडखळत. अडखळायलाच हवं. माझी परवानगी न विचारता तिनं स्क्रू जागच्या जागी धरून ठेवणारा चेकनट आवळला.

पुढचं पटकन सांगतो. ऑइल दुधाळ झालं होतं, म्हणजे त्यातही पाणी, ते दोनदा बदललं. वायरिंगला उंदीर लागले होते. बॅटरी नवी आणली. आणि जुलैतल्या एका रविवारी, कौलांवरून पागोळ्या धो धो पडत असताना, न्यूट्रल बघून, ब्रेक धरून तिनं बटण दाबलं. आकाशवाणीवर बोलतोय, तेव्हा तो आवाज तुम्हाला ऐकवायचा मोह होतो, पण माझ्या तोंडून तो चांगला निघत नाही. आधी खोकला, मग एक मोठा फटाका, मग कोंबड्यांचा ओरडा, आणि त्यानंतर एकसारखं टकटकटकटक. आजी देवघरातून बाहेर आली ती हातात घंटा घेऊनच.

टायरची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पंक्चरवाल्यानं सवयीनं पाईप लावला आणि मोटारसायकलसारखी तीसच्या पुढे हवा भरायला लागला. टायर फुग्यासारखे गोल व्हायला लागले. मुलगी ओरडली, "काका, थांबा, पाच लिहिलंय!" टायरच्या बाजूला खरंच ५ पीएसआय होतं, म्हणजे हवेचा दाब पाच. या गाडीला स्प्रिंगांइतकाच टायरचा मऊपणा सांभाळतो. हवा कोंबली की ती दगडावरून उडी मारते. पंक्चरवाल्याच्या मीटरवर पाचाची खूणच नव्हती. "भाऊ, एवढी हवा तर आम्ही सोडून देतो," असं म्हणाला तो.

पहिला फेरा मी मारला, बागेतच. या गाडीला नंबर नाही, ती रस्त्यावर आणायची नसते. समुद्रावरही नेणार नाही असं आमचं ठरलं. वेळास-अंजर्ल्याच्या वाळूत थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तिथे हे टायर नकोत. बागेतल्या पहिल्या वळणावरच कळलं की ही मोटारसायकल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली, त्यामुळे दोघांना सारखंच फिरावं लागतं. वळताना आतल्या चाकानं हळू फिरायला हवं, पण ते फिरत नाही आणि गाडी सरळच जाऊ बघते. चालवणाऱ्यानं अंग आतल्या बाजूला झोकून आतल्या चाकावरचा भार बदलत तिला वळवायची असते. सीट लांब आहे ती त्यासाठी, दोघांनी बसायला नाही. मी बैलगाडीवर बसल्यासारखा ताठ बसलो होतो. बाहेरची दोन चाकं चिऱ्यांच्या गडग्यावर चढली आणि मी करवंदीच्या जाळीत उतरलो.

मुलगी धावत आली, आधी गाडीचं इंजिन बंद केलं, मग माझ्याकडे बघितलं.

आता तिची पाळी, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती गाडी धूत होती. पुढच्या मडगार्डवर भाड्याच्या दिवसांतला मोठा ७ आकडा चिकटवलेला होता. डिझेलच्या बोळ्यानं तिनं तो सोलून काढला, आणि खाली आणखी एक स्टिकर निघाला, कंपनीचा. त्यावर १६ चा आकडा, त्याभोवती वर्तुळ आणि आडवी रेघ. सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये. शेजारी दुसरं चित्र, मागे माणूस बसवू नये.

ती तेरा वर्षांची.

या स्टिकरला इतिहास आहे. होंडानं १९७० साली अमेरिकेत फुगीर टायरांची तीन चाकी गाडी विकायला आणली, चार चाकी नंतर १९८०च्या दशकात आल्या. मुलं त्या चालवायला लागली आणि उलटून मरायला लागली. शेवटी १९८८ साली अमेरिकी सरकार आणि कंपन्या यांच्यात कोर्टात करार झाला. तीन चाकींची विक्री थांबली, आणि ९० सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे खरेदीदाराला बजावून सांगायचं ठरलं. कारण मघाचंच, गाडी अंगाच्या भारानं वळते. शंभर किलोच्या आसपासच्या गाडीला अडतीस किलोची मुलगी किती झोकून वळवणार?

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. उलट म्हणालो, "आपली खासगी बाग आहे. हळू चालव. मी बाजूनं चालतो." मला खरंच वाटत होतं की एवढे दोन महिने राबल्यावर तिचा हक्क आहे.

तिनं बोळा बादलीत टाकला. "आणि टायरचे पाच खरे, टीची खूण खरी, जेटचा आकडा खरा, मग हेच तेवढं खोटं कसं?"

त्या रात्री ती जेवली नाही. मी तिच्या बाजूनं तिच्याशीच भांडत होतो, अशी विचित्र वेळ. सकाळी उठून बघतो तर तिनं पडवीच्या भिंतीवर खडूनं वहीतलं सगळं उतरवलं होतं. ऑइल कधी बदललं, हवा किती, टॅपेट किती, आणि सगळ्यात खाली एक तारीख, तिच्या सोळाव्या वाढदिवसाची.

गाडीची चावी तिच्याकडे असते. मी मागितली की हेल्मेट बघून देते. परवा वरच्या टप्प्यावर खत टाकायचं होतं, बायको म्हणाली, मलाही सोड वर. ती मागे बसली, मी चावी फिरवली, तेवढ्यात कन्या समोर येऊन उभी राहिली आणि मडगार्डवरच्या दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

आई उतरली. "मी चालतच जाते, मला कुठे वाचता येतं," असं म्हणत खताची पाटी गाडीवर ठेवून ती चढण चढायला लागली, आणि मुलगी तिच्यामागून.

नमस्कार.