बाप स्टँडमध्ये, लेक मैदानात

श्रोतेहो, नमस्कार. आजचा आपला शेतकरी आयर्लंडचा. नाव मायकेल डॉनेलन, गाव डनमोर, परगणा गॉल्वे.

राजकारण आधी उरकून घेतो. पश्चिमेकडच्या लहान शेतकऱ्यांनी 1939 साली पक्ष काढला, ‘क्लान ना तालून’, म्हणजे भूमीची लेकरं. म्होरक्या डॉनेलन. मागणं काय, तर लहान खातेदाराला जमीन द्या, पाणथळ रानातलं पाणी काढा. 1943 ला पक्षाच्या 10 जागा आल्या. 1948 ला पंतप्रधान डी व्हॅलेरांची 16 वर्षांची सत्ता गेली आणि पाच पक्षांच्या सरकारात डॉनेलन अर्थखात्याचे उपमंत्री झाले. बरं, मोठ्यांच्या पंगतीला बसलेला छोटा पक्ष पुढे पोटभर जेवलेला मी तरी पाहिला नाही. हाही हळूहळू आटलाच.

आता खरी गोष्ट. डॉनेलन स्वतः फुटबॉलपटू. आपल्याकडचा नव्हे, आयरिश फुटबॉल, तिथे चेंडू हातातही घेतात. 1925 साली गॉल्वेनं देशाचं अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात ते होते. या खेळात पगार नाही बरं का. खेळायचं ते आपल्या परगण्यासाठी. आमच्या लिलाववाल्यांना हे सांगा कुणीतरी!

तारीख 27 सप्टेंबर 1964. डब्लिनचं क्रोक पार्क, अंतिम सामना, गॉल्वे विरुद्ध केरी. गॉल्वेचा कर्णधार कोण? जॉन डॉनेलन, मायकेलचा मुलगा. बाप स्टँडमध्ये, लेक मैदानात. आणि त्याच दुपारी, त्याच स्टँडमध्ये, मायकेल गेले. मैदानात कुणी सांगितलं नाही. गॉल्वे जिंकलं, पंधरा विरुद्ध दहा. जॉननं कप उचलला. हातात कप, समोर परगणा जल्लोष करतोय, आणि वडील गेल्याचं त्याला माहीतच नाही. कळलं ते नंतर.

मायकेलची खासदारकी रिकामी झाली. डिसेंबरात पोटनिवडणूक. जॉन उभा राहिला आणि निवडून आला, पण फाइन गेल या दुसऱ्याच पक्षातून. घराण्याचं राजकारण मला एरवी पटत नाही, पण इथे तोंड उघडायची हिंमत होत नाही. बापाच्या पक्षानं 1965 ची निवडणूक लढवलीच नाही.

जॉन पुढे 1989 पर्यंत खासदार होता. जीभ मात्र तिखट. आपल्याच पक्षाध्यक्षाबद्दल म्हणाला, सूपचा पाऊस पडला तर हा गृहस्थ काटा घेऊन बाहेर उभा राहील. 1988 साली पक्षाच्या संसदीय गटानं त्याला बाहेर काढलं.