चार नंबरच्या मशिनवरचा राजपुत्र

नमस्कार श्रोतेहो.

२००१ साली मी साताऱ्यात अकरावीला होते. राजवाड्याजवळच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता, तासाला तीस रुपये. बाकीची मुलं तिथं चॅटिंगला यायची. मी चार नंबरच्या मशिनवर बसून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या संगणकावरच्या खेळाची वेबसाइट बांधत असायचे.

हा खेळ ज्यांनी खेळलाय, त्यांना तळघरातले ते काटे आठवत असतील. पाऊल चुकलं की जमिनीतून सर्रकन वर येणारे! साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. मेलात तर तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून, घड्याळ मात्र पुढंच पळत राहणार.

एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, मला कुणी शिकवली नाही. दुसऱ्याचं पान उघडायचं, राइट क्लिक, 'व्ह्यू सोर्स', आणि आवडलेला तुकडा फिजिक्सच्या वहीत मागच्या पानावर उतरवून घ्यायचा. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, दोन्ही बाजूंना हलत्या मशाली, वर सरकत जाणारं 'माझ्या महालात आपलं स्वागत असो'. खाली काउंटर. तो मी एक हजारापासून सुरू केला होता, म्हणजे पहिला पाहुणा यायच्या आधीच हजार येऊन गेलेले.

डोंबिवलीच्या मामेभावाला मोठ्या ऐटीत पत्ता कळवला. रविवारी त्याचा फोन.

"अगं, हे काय आहे? नुसत्या लाल फुल्या दिसतायत."

"फुल्या नाहीत रे दादा, मशाली आहेत त्या!"

"मशाली तुझ्याकडे असतील. इथे चौकोन आहेत आणि आत फुल्या. आणि मजकूर कुठल्या भाषेत लिहिलायस?"

दोन्ही भानगडी मला कॅफेत दोन नंबरच्या मशिनवर बसल्यावर कळल्या. चित्रांचा पत्ता मी 'सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स' असा दिला होता. म्हणजे चित्रं चार नंबरच्या मशिनच्या पोटात, आणि तीन फुटांवरच्या दोन नंबरला त्यांचा पत्ताच नाही, डोंबिवलीचं तर सोडाच. मराठी टाइप केलं होतं 'शिवाजी' फॉन्टमध्ये. तो ज्याच्याकडे नाही, त्याला 'राजपुत्र' न दिसता इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. विंडोज २००० बरोबर युनिकोडचा, म्हणजे सगळ्या संगणकांसाठी एकच असलेल्या अक्षरसंकेतांचा, 'मंगल' फॉन्ट आला होता, पण आमच्या कॅफेत अजून अठ्ठ्याण्णवच नांदत होतं. आणि राजवाड्याचं मोठं चित्र मी पेंटमध्ये काढून बीएमपी म्हणूनच, म्हणजे आकार कमी न करता, चढवलं होतं. ६४० बाय ४८०, म्हणजे ९०० केबी. पत्ता बरोबर असता, तरी डायल-अपच्या फोनलाइनवर ते ओळीओळीनं उतरायला दोन-अडीच मिनिटं सहज गेली असती. राजकन्येला सोडवायला साठच मिनिटं होती, हे लक्षात घ्या.

पुढं वेबसाइट ठेवायला मोफत जागा देणारी ती सेवा बंद पडली आणि माझा महालही गेला. दादानं मात्र सगळं एका सीडीवर उतरवून ठेवलं होतं. गेल्या दिवाळीत ती सापडली, आणि मी डागडुजीला बसले.

आता बसायच्या आधी खेळच नीट पाहिला. जॉर्डन मेक्नरनं तो १९८९ मध्ये अॅपल टू या छोट्या संगणकासाठी केला. राजपुत्राची धावण्याची ढब खरी वाटते, कारण धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला-उड्या मारायला लावून त्यानं त्याचं चित्रण केलं, आणि त्यावरून एकेक आकृती उतरवली. यात मेमरी संपली. दुसरा शत्रू कोंबायला जागाच नाही. मग राजपुत्राचीच आकृती किंचित सरकवून तिच्यावरच बसवली, आणि चमकत्या कडांची एक सावली तयार झाली. आरशातून उडी मारताना बाहेर पडते ना, तीच.

पडद्यावर दुसरं काहीच नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. गुण नाहीत, कायमच्या पाट्या नाहीत. खाली कोपऱ्यात जिवाचे तीन लाल त्रिकोण, बस्स. आणि पडदा सरकत नाही. कडेला पोचलात की पुढची खोली. मी पंधराव्या-सोळाव्या वर्षी खेळातल्या मशाली तेवढ्या उचलल्या होत्या, खोल्या पाहिल्याच नव्हत्या.

मग सरकती पट्टी काढली, काउंटर काढला. प्रत्येक पान म्हणजे एक खोली; डावीकडे एक दार, उजवीकडे एक. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला, चित्रांचे पत्ते सुधारले. जुनी चित्रं मोठी केल्यावर धुरकट दिसत होती, ती पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या 'पिक्सेलेटेड' या एका शब्दानं पुन्हा चौकोनी, टोकदार झाली. भाचीला दाखवलं, तर तिनं मोबाइलवर उघडून विचारलं, "मावशी, हे आडवं सरकवत वाचायचं का?" म्हणून आणखी दोन रात्री गेल्या.

चौथ्या खोलीत मी एक आरसा ठेवलाय. त्यावर बोट टेकवलं की २००१ चं पान उघडतं, एकाही अक्षराला हात न लावलेलं. दादाला लिंक पाठवली होती. काल त्याचा फोन आला.

"अगं, आरशात अजून लाल फुल्याच आहेत."

"फुल्या कशा असतील रे? आजकालचे ब्राउझर फाटक्या कागदाचं चित्र दाखवतात."

"तेच ते," तो म्हणाला. "मशाली कुठायत?"