पायऱ्या नसलेला मिनार

तर मंडळी, स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या हिराल्दा या मिनारात शिरलात की पहिली गोष्ट काय जाणवते माहितीये? पायऱ्याच नाहीत. नुसता उतार. मधे एकावर एक खोल्यांचा गाभा आणि त्याच्याभोवती वळत वळत वर जाणारे ३५ उतार, प्रत्येकाला नंबर दिलेला, आणि पार शेवटी घंटांपाशी जाताना काय त्या १७ पायऱ्या. बांग देणाऱ्याला दिवसातनं पाच वेळा वर जायचं, तर त्याला घोड्यावर बसून जाता यावं म्हणून असं केलं, असं सांगतात. मी गेलो तेव्हा माझ्यापुढे एक आजीबाई काठी टेकत चालल्या होत्या, प्रत्येक खिडकीशी थांबायच्या, बाहेर बघायच्या, परत निघायच्या, आणि पोचल्या की वर! बाराव्या शतकातल्या माणसाचा हिशोब आजही चालतोय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा मुळात मशिदीचा मिनार. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या अल्मोहाद या मुसलमान घराण्याच्या खलिफांच्या काळात ११८४ मधे काम सुरू झालं, अहमद इब्न बासो हा स्थपती. त्याने पाया घातला तो जुने रोमन दगड वापरून. खाली कोपऱ्याशी वाकून बघा, दगडांवर लॅटिन अक्षरं अजून दिसतात. पुढे अली अल-गुमारीने वरचं काम विटांत केलं, आणि त्या विटांची जाळीदार नक्षी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघावी, सावली पडली की भिंत विणल्यासारखी दिसते. मोरोक्कोतल्या माराकेशच्या कुतुबिया मशिदीचा मिनारही याच घराण्याचा, बघितली की नातं लगेच कळतं. ११९८ ला माथ्यावर चार सोनेरी गोळे चढवले आणि मिनार पूर्ण झाला.

१२४८ ला कास्तील या ख्रिस्ती राज्याचा राजा तिसरा फर्नांदो याने शहर घेतलं. तेव्हाची एक गोष्ट बखरीत येते, की शरण येताना तिथल्या मुसलमानांनी मिनार पाडायची परवानगी मागितली, आपला मिनार दुसऱ्याच्या हाती जायला नको म्हणून, आणि राजपुत्र अल्फोन्सो म्हणाला, एक वीट जरी काढलीत तरी सगळ्यांची मुंडकी उडवीन. दोघांचाही जीव त्या एकाच मिनारात अडकलेला, बघा! पुढे पंधराव्या शतकात मशीद पाडून कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, उभारलं, तेव्हाही मिनार ठेवला, आणि संत्र्याच्या झाडांचं अंगण ठेवलं. मशीद गेली याचं मला वाईट वाटतं, ते लपवणार नाही.

सोनेरी गोळे चौदाव्या शतकातच भूकंपात पडले होते. आज वर जो घंटाघराचा भाग दिसतो तो एर्नान रुइझ या स्थपतीने १५५८ ते १५६८ मधे चढवला. नीट बघितलं तर सांधा दिसतो, पण खटकत नाही. आधीच्या कारागिराची उंची, रुंदी, लय ओळखून त्याने वरचा भाग निमुळता करत नेला, एकूण उंची शंभर मीटरच्या वर गेली, आणि मला तर ही त्याची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते. आता तिथे २४ घंटा आहेत.

आणि नाव? टोकावर ब्राँझची एक बाई उभी आहे, एका हातात ढाल, दुसऱ्यात खजुराची फांदी. वारा त्या ढालीवर आदळला की अख्खा पुतळा फिरतो. स्पॅनिशमधे फिरणं म्हणजे हिरार, म्हणून ती हिराल्दा. पुढे तिचं नाव मिनारालाच पडलं आणि तिला लोक हिराल्दियो म्हणायला लागले. खाली कॅथेड्रलच्या एका दाराशी तिची हुबेहूब प्रतिकृती ठेवलीये, तिच्याशेजारी उभं राहिलं की कळतं ती आपल्या दुपटीच्या आसपास उंच आहे, आणि वर मान करून बघावं तर बोटाएवढी दिसते.