बार कुठनं आला?

मंडळी, नमस्कार. तालमीच्या हॉलमध्ये फिजिक्सच्या मास्तराला बोलावलंत, आणि विषयही तुम्हीच दिलात, की समोरच्या डोंगरामागं लपलेली तोफ आपल्या सैन्याला सापडते कशी. मला मनापासून आनंद झाला. इथं बसलेल्या कित्येकांच्या घरातलं कोण ना कोण फौजेत आहे किंवा होतं, शिरोळकडं तर सैनिक टाकळी नावाचं अख्खं गावच त्यासाठी ओळखलं जातं, त्यामुळं हा विषय कोल्हापूरला परका नाही.

सुरुवात आजोळापासून करतो. माझं आजोळ पन्हाळा तालुक्यात. उसाला रानडुकरं यायची, आता गवे येतात, त्यांना हुसकायला रात्री रानात बार काढायची पद्धत. अंथरुणात पडल्या पडल्या घरातली माणसं सांगायची, हा ओढ्याकडचा, हा माळावरचा. फक्त मामांना सांगता यायचं नाही. मामा तोफखान्यात होते, पंचवीस पौंडी तोफेवर, म्हणजे पंचवीस पौंडांचा गोळा फेकणाऱ्या, आणि तोफेच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचा डावा कान गेला होता. बार त्यांना चांगला ऐकू यायचा, पण ते मलाच विचारायचे, "कुठनं आला रं?"

लहानपणी मला याचं कोडं पडायचं, की ऐकू येतंय तर दिशा का कळत नाही? उत्तर सोपं आहे. आपल्या दोन कानांत वीसेक सेंटीमीटरचं अंतर. डावीकडनं आवाज आला की तो डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला एक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळानं नंतर, आणि एवढ्याशा फरकावरनं मेंदू दिशा सांगतो. एक कान गेला की फरक काढायचा कुणाशी?

पण मामा गप्प बसणारा माणूस नव्हता. त्यांनी मला बॅटरी दिली आणि विहिरीजवळ उभं केलं, घरापासनं पाचशे-सहाशे पावलांवर. "बार ऐकलास की बॅटरी दाखव." ते अंगणात. बॅटरी आधी चमकली आणि बार नंतर ऐकू आला तर बार विहिरीच्या बाजूला, उलटं झालं तर घराच्या बाजूला, आणि दोन्ही एकदमच झालं तर दोघांच्या बरोबर मधनं जी सरळ रेघ जाते त्या रेघेवर कुठंतरी. उजेडाला वेळ लागत नाही, आवाजाला लागतो, किलोमीटरला साधारण तीन सेकंद. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. पुढं कॉलेजात अपास्त हा शब्द भूमितीच्या पुस्तकात भेटला तेव्हा कळलं की दोन ठिकाणच्या वेळेतला फरक माहीत असला की आवाज एका ठराविक वाकड्या रेघेवरनंच आलेला असतो, तिसरा ऐकणारा आला की दुसरी रेघ मिळते, आणि दोन रेघा जिथं छेदतात तिथं तोफ. आजच्या विषयाचा पाया एवढाच.

पहिल्या महायुद्धात हे काम ज्याच्या गळ्यात पडलं तो ब्रिटिश फौजेतला फिजिक्सवाला लॉरेन्स ब्रॅग, वय पंचवीस. १९१५ साली आघाडीवर असतानाच त्याला वडिलांबरोबर फिजिक्सचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ तुर्कस्तानात गॅलिपोलीला लढताना गेला. फ्रेंचांनी आधीच प्रयोग सुरू केले होते. पॅरिसमध्ये ल्युसियन बुलनं हृदयाचा ईसीजी काढायला वापरतात तसलंच यंत्र, म्हणजे चुंबकातली बारीक तार, तोफेच्या आवाजासाठी लावलं होतं. सहा माइक, सहा तारा, आणि सगळ्यांची थरथर एकाच सरकत्या फिल्मवर. कल्पना उत्तम, पण माइक चालेना.

का चालेना, ते नीट ऐका, कारण खरी गंमत इथंच आहे. तोफ उडाली की आवाज एक नसतो, तीन असतात. गोळा आवाजापेक्षा वेगानं येतो, त्याचा कडाड्‌ असा आसुडासारखा आवाज आधी पोचतो. मग तोफेच्या तोंडाचा धुम्म. आणि गोळा फुटतो तो आवाज वेगळाच. आपल्याला पाहिजे फक्त धुम्म, कारण तोफ जिथं आहे तिथनं तोच आलेला असतो. पण तो इतका जाड, इतका खालच्या पट्टीतला, की कानाला जेमतेम लागतो, आणि तेव्हाचे माइक कडाड्‌ला, बंदुकीला, गाड्यांना, अगदी माणसांच्या बोलण्यालासुद्धा नाचायचे आणि धुम्मला हलायचे नाहीत. ब्रॅगला याचा पत्ता लागला संडासात. दार बंद केलं की बाहेरच्या हवेला वाट एकच उरायची, बैठकीखालच्या पाइपची, आणि जवळची ब्रिटिश तोफ उडाली की तो बसल्या जागी किंचित उचलला जायचा. कान ज्याला धड पकडत नव्हता तो धक्का अंगाला कळत होता.

त्याच्या तुकडीत टकर नावाचा कॉर्पोरल आला, हाही फिजिक्सवाला. तो झोपायचा तिथल्या भिंतीला भोकं होती आणि तोफ उडाली की त्या भोकांतनं गार हवेची झुळूक तोंडावर यायची. त्यावरनं त्यांनी काय केलं तर दारूगोळ्याची रिकामी पेटी घेतली, तिला भोक पाडलं, भोकावर प्लॅटिनमची बारीक तार ताणली आणि वीज सोडून ती तापवली. धुम्म आला की भोकातनं हवा ये-जा करते, तार क्षणभर गार होते, तिचा विद्युतरोध बदलतो, फिल्मवर रेघ ठळक तुटते. कडाड्‌ आला तर तार ढिम्म. १९१६ च्या उन्हाळ्यात हे चाललं आणि सगळं चित्रच पालटलं. लाखो रुपयांची कंपनी नाही काही नाही, एक पेटी, एक तार, आणि झुळूक का येते असं स्वतःला विचारणारा माणूस. मी वर्गात हा प्रसंग दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी मलाच नव्यानं भारी वाटतं.

८ ऑगस्ट १९१८ ला फ्रान्समध्ये अमिआँची लढाई झाली. तिथं हल्ला सुरू व्हायच्या आधीच जर्मनांच्या ५३० तोफांपैकी ५०४ तोफांच्या जागा ब्रिटिशांच्या नकाशावर होत्या. आवाज, तोफेच्या तोंडाचा लखलखाट टिपणारे टेहळे, आणि विमानातनं काढलेले फोटो, असं तिन्ही मिळून.

आता अडचण हवेची. साखर कारखान्याचा भोंगा घ्या. थंडीत पहाटे चार-पाच मैलांवरनं असा ऐकू येतो की वाटतं पलीकडच्या गल्लीतच वाजला, आणि दुपारी तोच भोंगा येतच नाही. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळं आवाज वर जाता जाता खाली वाकतो, दुपारी उलटं होतं. वाऱ्याचंही तसंच, वाऱ्याच्या विरुद्ध येणारा आवाज वर उचलला जातो. फ्रान्समध्ये वारा बहुतेक पश्चिमेकडनं, म्हणजे ब्रिटिशांकडनं जर्मनांकडं, त्यामुळं ऐकणाऱ्यांचे कित्येक दिवस वाया जायचे. शिवाय आवाजाचा वेग उष्णतेवर ठरतो, शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर आणि दर अंशाला अर्ध्या मीटरपेक्षा थोडा जास्त वाढत जातो. तापमान धरायला चुकलं तर तोफ भलत्याच शेतात.

म्हणून रडार आलं. रडार तोफ बघत नाही, तोफ डोंगरामागं असते. ते हवेतला गोळा बघतं. गोळा वर चढत असताना त्याला काही क्षण पकडायचं, त्याच्या वाटेचे बरेच ठिपके घ्यायचे आणि ती वाट कॉम्प्युटरवर उलटी मागं न्यायची. फेकलेल्या दगडाची वाट ठरलेली असते हे शेंबडं पोरही सांगेल, फक्त इथं हवेचा अडथळा धरावा लागतो, वारा धरावा लागतो, आणि वाट जमिनीला कुठं टेकते ते बघायला जमिनीची उंची नकाशातनं घ्यावी लागते, नाहीतर डोंगराळ मुलुखात मोठी चूक होते. लांबचा गोळा मिनिटभर हवेत असतो, म्हणजे तो पडायच्या आत तो निघाला कुठनं आणि पडणार कुठं, दोन्ही कळतं. उखळी तोफेचा गोळा उंच कमान करून येतो म्हणून तो लवकर दिसतो, सपाट येणारा गोळा पकडणं अवघड.

आणि आता १९९९. कारगिल. तुमच्यातल्या मोठ्यांना ते दिवस आठवत असतील, संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला रस्ते ओस पडायचे. आपल्या बोफोर्स तोफांनी तेव्हा जे काम केलं त्याला तोड नाही, आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. पण पाकिस्तानकडं अमेरिकन बनावटीचं टीपीक्यू-३६ फायरफाइंडर रडार होतं आणि आपल्याकडं त्याच्या तोडीचं नव्हतं. आपण बार काढला की त्यांना जागा कळू शकत होती, त्यांची तोफ कड्यामागं कुठं आहे ते आपण मात्र शिखरांवर चढलेल्या माणसांच्या डोळ्यांनी शोधत होतो. मामा टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे, उजवा कान टीव्हीकडं करून. एक दिवस म्हणाले, "आपल्या फौजंचा बी एक कान गेलाय." मला राग आला होता तेव्हा, देशाबद्दल असं काय बोलताय म्हणून. आता कळतं की ते एकटेच त्या घरात नेमकं बोलत होते. तोफ खरेदी झाली की पेपरात मोठा फोटो येतो, ऐकणाऱ्या यंत्रासाठी कुणी मागं लागत नाही, आणि त्याची किंमत शत्रूच्या तोफांच्या माऱ्यातल्या रस्त्यावर ट्रक चालवणारा जवान मोजतो. याचा मला आजही त्रास होतो, म्हणून बोलतोय.

पुढं आपण अमेरिकेकडनं टीपीक्यू-३७ जातीची १२ रडार घेतली. पण आपलं स्वतःचं जे झालं ते जास्त महत्त्वाचं. आकाश क्षेपणास्त्रासाठी डीआरडीओ, म्हणजे आपली सरकारी संरक्षण संशोधन संस्था, राजेंद्र नावाचं रडार बनवत होती. ओडिशात चांदीपूरला चाचण्या चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की शेजारच्या रेंजवर उडणारे तोफेचे गोळेसुद्धा या रडारला दिसतायत. म्हणजे टकरच्या झुळुकीसारखंच, काम दुसरं चालू होतं आणि हे समोर आलं. त्यातनं स्वाती रडार उभं राहिलं, बेंगळुरूच्या एलआरडीई या प्रयोगशाळेत, आणि बनवतं भारत इलेक्ट्रॉनिक्स. तोफेचा गोळा ३० किलोमीटरपर्यंत, रॉकेट ४० पर्यंत, उखळीचा गोळा २० पर्यंत. २०१७ साली ते लष्कराच्या हवाली झालं, २०२० मध्ये आर्मेनियानं आपल्याकडनं चार घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये लष्करासाठी आणखी १२ चा करार झाला, ९९० कोटींच्या वर.

मग आवाजाचं काम संपलं का? अजिबात नाही. रडार स्वतः लहरी सोडतं, म्हणजे अंधारात बॅटरी लावून शोधणारा माणूस स्वतःही दिसतो, म्हणून रडार थोडा वेळ चालू करायचं, बंद करायचं, जागा बदलायची. माइक नुसता ऐकतो, त्याचा पत्ता कुणाला लागत नाही. युक्रेननं ड्रोनच्या इंजिनाची घरघर पकडायला खांबांवर हजारो माइक बसवले, एकमेकांना जोडून, तत्त्व ब्रॅगचंच. बंदुकीसाठीही तसंच. गोळी जवळनं गेली की आधी तिचा टच्च आवाज येतो आणि मग बंदुकीचा धप्प. सहाशे मीटरवरनं रायफल चालली तर या दोन्हींत साधारण पाऊण सेकंद, म्हणजे फरकावरनं अंतर निघतं, आणि पाच-सात माइक असले की दिशा. अमेरिकनांनी इराकमध्ये गाड्यांवर बूमरँग नावाचं यंत्र लावलं होतं, एका दांड्यावर सात माइक, गर्दीत चालत्या गाडीतल्या जवानाला गोळी कुठनं आली ते सांगायला.

आमच्या पोरांनी गेल्या वर्षी हे करून बघितलं. तीन मोबाईल, एक सुतळी बॉम्ब आणि एक मोकळा माळ. पहिला प्रश्न, तीन फोनांची घड्याळं जुळवायची कशी? एका पोरीनं सुचवलं, तिन्ही फोन एकाजागी ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं, त्यांच्या मधोमध एक टाळी वाजवायची, मग फोन आपापल्या जागी नेऊन ठेवायचे. रेकॉर्डिंगमध्ये टाळी दिसते, तिथनं मोजायचं. दहा मिनिटांत फोनच्या घड्याळांत काही मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो, म्हणजे चूक मीटर-दोन मीटरची, चालतंय.

पहिल्या वेळी आमचं उत्तर बाराच्या खऱ्या जागेपासनं चाळीस मीटर चुकलं. संध्याकाळभर डोकं फोडलं. नंतर तिसऱ्या फोनची फाईल मोठी करून बघितली तर तिथं आवाजाच्या रेघेत एक नाही, दोन टेकाडं. हा फोन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड ठेवला होता, सरळ आलेला आवाज त्यामुळं बारीक झाला आणि पलीकडच्या पत्र्याच्या शेडवर आपटून आलेला मोठा दिसला, पोरांनी मोठा तोच खरा धरला. बारीक टेकाड धरलं तर चार मीटरवर उत्तर. मी ती पोरं नाचताना बघितलीत. फिल्म हातात घेऊन कुठली थरथर तोफेची आणि कुठली भलत्याची ते निवडणारे ब्रॅगचे शिपाई दुसरं काय करत होते?

आता बोलणं पुरे. बाहेर पटांगणात तीन पोरं उभी आहेत, एक गेटजवळ जाणार, एक पाण्याच्या टाकीकडं, एक कबड्डीच्या मैदानाच्या टोकाला. बार कुठं लावायचा ते फक्त तुमच्या अध्यक्षांना माहीत आहे, मला सांगितलेलं नाही. नकाशा आणि लॅपटॉप इथं टेबलावर. मामा पहिल्या रांगेत बसलेत, उत्तर आलं की आधी त्यांना दाखवायचं.

तिन्ही फोन आता माझ्यासमोर आहेत, रेकॉर्डिंग चालू केलंय. कुणी टाळ्या वाजवू नका. एकच वाजवायची आहे, आणि ती मामा वाजवतील.