गाडीतला 'पी' खरा का खोटा

नमस्कार राजेहो, कापूस वेचणीचे दिवस आहेत, थकले असाल, म्हणून जास्त टाइम खात नाही. आज ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरच्या दांडीबद्दल बोलू. हसू नका, आपल्या खेड्यातही आता दोन-चार आल्यात, सेकंडहँड का होईना.

माझ्या साळ्यानं नागपूरवरून एक आणली. गाडी झकास, पण खोड अशी की दांडी पी (म्हणजे पार्किंग) वर टाकून चावी फिरवली तर सेल्फच घेत नव्हती, एन (न्यूट्रल) वर आणली की लगेच चालू. एकदा वावराच्या धुऱ्याजवळ पी मधे उभी केली आणि हा पाणी प्यायला गेला, तं गाडी आपली हळूहळू उताराला लागली, बाभळीला टेकली म्हणून नाल्यात गेली नाही. तेव्हापासून डिक्कीत वीट ठेवते, थांबला की चाकाखाली. एका मेकॅनिकनं पाहिलं न पाहिलं आणि सांगून टाकलं, गिअरबॉक्स गेला.

आता असं काऊन होते ते पहा. दांडी आणि गिअरबॉक्सच्या मधे एक केबल असते. केबल सैल पडली किंवा तिच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश झिजलं (आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्री, त्यात बॉनेटखालचं प्लॅस्टिक, बिचारं किती टिकन), की दांडी दाखवते पी आणि गिअरबॉक्स असते पी आणि आर (रिव्हर्स) च्या मधात कुठंतरी लटकलेला. पी मधे आत एक लोखंडी खिट्टी दातेरी चाकात अडकते, ती पुरी बसलीच नाही तं गाडी घसरणारच. सेल्फचंही तेच, तिथं एक स्विच असते, तो फक्त पी आणि एन ला सेल्फ लागू देते, मधात लटकलं की नाही.

मंग करायचं काय? सपाट जागा, इंजिन बंद आणि थंड, हँडब्रेक ओढा, चाकाला पुढून-मागून दगड लावा. आतली दांडी एन वर ठेवा. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढला की गिअरबॉक्सवरचा छोटा लिव्हर दिसते, केबल तिथंच येते. आधी बुश पहा, फाटलं असन तर नवीनच टाका, नुसतं अ‍ॅडजस्ट करून उपयोग नाही. बुश ठीक असन तर केबलचा नट ढिला करा, तो छोटा लिव्हर पी च्या टोकाला नेऊन उलटा दोन टक-टक आणा, एक आर, दुसरा एन. पी कोणत्या टोकाला ते गाडीच्या पुस्तकात पहा, अंदाज नका लावू. मग केबल ना ताणलेली ना लोंबती अशी धरून नट कसा.

तपासणी मात्र बुडवू नका, पाय ब्रेकवर दाबूनच. पी आणि एन ला सेल्फ घ्यायला पाहिजे, आर आणि डी (ड्राइव्ह, पुढं जायचा गिअर) ला अजिबात नाही, आर टाकला की मागचा पांढरा लाइट लागला पाहिजे. आणि हो, 2014 मधे मारुतीच्या सेलेरिओसोबत जी एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर मशीन बदलते) आली, तसल्या गाड्यांत बहुतेक पी च नसते आणि दांडीचं काम वायरिंगवर चालते, तिथं पाना घेऊन घुसू नका.

साळ्याची गाडी बुश बदलून आता पी मधे एका चावीत चालू होते. वीट मात्र अजून डिक्कीतच आहे, बायको काढू देत नाही म्हणते.